पीसीआरमध्ये शिगेला निघाला, कल्चरमध्ये उगवला नाही: कोणता रिपोर्ट खरा?

पत्र: चोपडा तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. सासूबाई ६३ वर्षांच्या, मधुमेही. मे महिन्यात लग्नाच्या पंगतीला गेलो होतो, दुसऱ्या दिवशी त्यांना जुलाब सुरू झाले. गावातल्या दवाखान्यातून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या गोळ्या दोन दिवस घेतल्या. तिसऱ्या दिवशी आव-रक्त पडू लागलं, ताप १०२ वर गेला, म्हणून जळगावला अ‍ॅडमिट केलं. तिथे शौचाचं पीसीआर पॅनेल (अनेक जंतू एकदम शोधणारी तपासणी) आणि कल्चर (जंतू उगवून बघणारी तपासणी), दोन्ही पाठवलं. डबी आम्ही सकाळी घरूनच भरून नेली होती. पीसीआरचा रिपोर्ट त्याच संध्याकाळी आला: शिगेला/ईआयईसी पॉझिटिव्ह, ईएईसी पॉझिटिव्ह. अझिथ्रोमायसिन सुरू झालं, दोन दिवसांत उतार पडला. नंतर कल्चरचा रिपोर्ट आला, तर त्यात साल्मोनेला, शिगेला हे जंतू उगवले नाहीत. दीर म्हणतात पीसीआर खोटी, हजारो रुपये पाण्यात गेले. नणंद म्हणते जंतू गेले का ते बघायला तीच पुन्हा करा. त्यात काल रात्रीपासून माझ्या चार वर्षांच्या मुलाला पाण्यासारखे जुलाब होत आहेत. त्याचीही हीच तपासणी करू का?

उत्तर: ताई, आधी मुलाचं बघू. सासूबाई सावरल्या आहेत, त्यांचे रिपोर्ट थांबू शकतात.

काल रात्रीपासूनचे पाण्यासारखे जुलाब, रक्त नाही, तापाचा उल्लेख नाही. अशा मुलाला आज ना पॅनेल हवं, ना कल्चर. त्याला हवं ओआरएस. २०.५ ग्रॅमचं एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, पाणी उकळून गार केलेलं. ग्लासभर पाण्यात अंदाजाने अर्धं पाकीट टाकू नका. घट्ट झालेलं ओआरएस जुलाब वाढवतं आणि लहान मुलाच्या रक्तातलं मीठ धोक्याच्या पातळीवर नेतं. प्रत्येक जुलाबानंतर १०० ते २०० मिली, घोट-घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, या वेळी चमच्याने आणि सावकाश. कालवलेलं ओआरएस २४ तासांनी टाकून द्यायचं. सोबत झिंक २० मिलिग्रॅम रोज एकदा, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायचे. खाणं बंद करू नका. वरण-भात, पातळ खिचडी, पिकलेलं केळं, जे जाईल ते थोडं-थोडं द्या.

पण घरात शिगेलाचा, म्हणजे आव-रक्ताची हगवण करणाऱ्या जंतूचा, रुग्ण आहे, म्हणून त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. शिगेला अनेकदा पाण्यासारख्या जुलाबांनीच सुरू होतो, आव-रक्त एक-दोन दिवसांनी दिसतं. रक्त दिसलं, ताप चढला, आकडी आली, डोळे खोल गेले, पाणी पिईना, पोर मलूल झालं किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर वाट न बघता दवाखाना. आणि सासूबाईंच्या उरलेल्या गोळ्या मोडून त्याला देऊ नका. त्याचा डोस वजनावर ठरतो, आणि औषध आधी पोटात गेलं की पुढे नमुना घ्यायची वेळ आली तर कल्चर हातचं जातं. सासूबाईंच्या बाबतीत असंच झालं का, ते पुढे बघू.

आता दोन रिपोर्टांचं. दीर म्हणतात तसा एक खरा आणि एक खोटा असलाच पाहिजे, असं नाही. पीसीआर जंतूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा शोधते. शौचातून डीएनए वेगळा काढतात, मशीन त्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती बनवतं, प्रती बनल्या तर पॉझिटिव्ह. जंतू जिवंत आहे की मेलेला, याच्याशी तिला घेणं-देणं नाही. कल्चरमध्ये मात्र जंतू जिवंत हवा, प्लेटवर टाकल्यावर वाढला पाहिजे. भाजलेली ज्वारी पेरली तर शेतात काही उगवणार नाही, पण म्हणून पोत्यात ज्वारी नव्हती असं कोणी म्हणत नाही.

सासूबाईंचा नमुना कोणत्या परिस्थितीत घेतला गेला ते बघा. दोन दिवस ऑफ्लॉक्सासिन पोटात होतं. डबी सकाळी घरी भरली, चोपड्याकडून जळगावला मे महिन्याच्या उन्हात गेली, आणि अ‍ॅडमिशनच्या धावपळीत ती लॅबच्या टेबलावर कधी पोचली कोण जाणे. शिगेला हा आतड्यातल्या जंतूंमधला फार नाजूक गडी. शौच बाहेर पडलं की त्यात आम्लता वाढत जाते, आणि त्या आम्लतेत तो मरतो. साध्या कोरड्या डबीतला नमुना दोन तासांच्या आत प्लेटवर जायला हवा. त्याहून उशीर होणार असेल तर कॅरी-ब्लेअर नावाचं जेलीसारखं वाहक माध्यम असलेली नळी लागते. त्यात आणि बर्फाच्या डब्यात जंतू दिवसभर तग धरतात. तुमची डबी साधी होती की कॅरी-ब्लेअरची, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घरून भरून नेली म्हणता, म्हणजे मेडिकलमधली साधीच असावी.

ऑफ्लॉक्सासिनबद्दल मात्र घाईने निष्कर्ष काढायला नको. गोळीने जंतू मारला म्हणून कल्चर रिकामं आलं, असं मानलं तर तो जंतू ऑफ्लॉक्सासिनला दबणारा होता असं होतं. पण गोळ्या चालू असतानाच आव-रक्त आणि ताप वाढला, म्हणजे ती पुरेशी लागू पडत नव्हती असंही दिसतं. ऑफ्लॉक्सासिन-सिप्रोफ्लॉक्सासिन गटाला न जुमानणारा शिगेला आपल्याकडे सर्रास सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या यादीत त्याला उच्च प्राधान्याच्या जंतूंमध्ये ठेवलं आहे. तसा तो असेल तर कल्चर रिकामं येण्यामागे ऊन आणि उशीर हेच मोठं कारण ठरतं. अझिथ्रोमायसिनने उतार पडला यावरूनही पक्कं सांगता येत नाही, कारण शिगेलाची हगवण पाच-सात दिवसांत आपसूकही ओसरू शकते. कल्चर उगवलं असतं तर हा प्रश्नच उरला नसता. सेन्सिटिव्हिटीच्या प्लेटवर कोणत्या औषधाच्या चकतीभोवती जंतू वाढला नाही, ते समोर दिसलं असतं. कल्चर हातचं गेल्याचा खरा तोटा हा आहे.

कल्चरला इतके दिवस का लागतात, हेही कळलं तर लॅबवरचा राग थोडा कमी होईल. पहिल्या दिवशी नमुना मॅकॉन्की आणि एक्सएलडी अशा प्लेटांवर रेघ ओढून लावतात आणि थोडा सेलेनाइटच्या द्रावात टाकतात, म्हणजे साल्मोनेला कमी संख्येने असला तरी त्यात वाढतो. ३५ ते ३७ अंशांवर १८ ते २४ तास. दुसऱ्या दिवशी वसाहती बघायच्या: मॅकॉन्कीवर आतड्यात नेहमीच असणारा ई-कोलाय गुलाबी दिसतो, शिगेला आणि साल्मोनेला बिनरंगी, एक्सएलडीवर दोघेही लाल, पण साल्मोनेलाच्या मध्यभागी बहुधा काळा ठिपका. संशयित वसाहत उचलून तिच्या जैवरासायनिक चाचण्या लावायच्या, म्हणजे आणखी एक रात्र. मग अँटीसिरम (ठरावीक जंतू ओळखणारा द्राव) टाकून प्रकार ठरवायचा आणि सेन्सिटिव्हिटी लावायची, पुन्हा एक रात्र. जंतू उगवला तर पूर्ण रिपोर्टला साधारण तीन दिवस लागतातच.

आणि 'साल्मोनेला, शिगेला उगवले नाहीत' या ओळीचा अर्थ तेवढाच. कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबांचा दुसरा जंतू शोधायचा असेल तर वेगळी प्लेट, ४२ अंश तापमान आणि कमी ऑक्सिजनचा डबा लागतो, ४८ ते ७२ तास लागतात. कॉलऱ्यासाठी आधी अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये सहा-आठ तास आणि मग टीसीबीएस प्लेट. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं नाही तर बहुतेक लॅब हे लावत नाहीत. ईएईसीसारखे ई-कोलायचे त्रासदायक प्रकार प्लेटवर साध्या ई-कोलायसारखेच दिसतात, म्हणून साध्या कल्चरमध्ये त्यांचं नाव येतच नाही. पीसीआरचं मोठं पॅनेल एकाच कार्ट्रिजमध्ये (मशीनमध्ये घालायच्या बंद डबीत) वीसेक जंतू, विषाणू आणि परजीवी शोधतं, सुमारे तासाभरात. टीबीच्या सीबीनॅट तपासणीमुळे कार्ट्रिजची चाचणी आता तालुक्यातही ओळखीची झाली आहे. फरक इतकाच की सीबीनॅट रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध लागू पडेल का हेही सांगते. शौचाची नेहमीची पॅनेल्स कोणतं औषध लागू पडेल ते सांगत नाहीत.

तुमच्या पीसीआर रिपोर्टमध्ये 'शिगेला/ईआयईसी' अशी तिरकी रेघ आहे, तिचाही अर्थ आहे. पॅनेल जो जनुक शोधतं तो शिगेलात असतो आणि ईआयईसी या ई-कोलायच्या प्रकारातही असतो. दोन्हींमुळे आव-रक्ताची हगवण होते, उपचारही जवळपास तेच, म्हणून तुमच्या घरापुरता हा फरक महत्त्वाचा नाही. ईएईसीचा पॉझिटिव्ह मात्र फार मनावर घेऊ नका. आपल्या भागात धडधाकट माणसाच्या, विशेषतः मुलांच्या, शौचातही तो सापडतो. इतकी संवेदनशील चाचणी लावली की दोन-तीन नावं एकदम निघतात आणि सगळी दोषी नसतात. ताप, आव-रक्त आणि शिगेला ही साखळी जुळते. ईएईसी सोबतचा प्रवासी असण्याची शक्यता जास्त.

पीसीआर चुकूच शकत नाही, असं मात्र नाही. आठवडाभरापूर्वी संपलेल्या आजाराचा उरलेला डीएनए ती आजचा म्हणून दाखवू शकते. शौचात असे काही घटक असतात की ते प्रतिक्रियाच अडवतात. त्यासाठी कार्ट्रिजमध्ये अंतर्गत नियंत्रण, म्हणजे चाचणी नीट चालली का ते दाखवणारी सोय, असतं आणि ते फसलं तर रिपोर्ट 'इनव्हॅलिड' येतो, निगेटिव्ह नव्हे. तो आला तर नमुना पुन्हा द्यायचा.

मग पैसे वाया गेले का? माझं स्पष्ट मत: नाही. ६३ वर्षांची मधुमेही बाई, १०२ ताप, आव-रक्त, आणि दोन दिवसांच्या गोळ्यांनी गुण नाही. या परिस्थितीत त्याच संध्याकाळी जंतूचं नाव कळणं आणि ऑफ्लॉक्सासिन सोडून अझिथ्रोमायसिनवर जाता येणं, हे महत्त्वाचं होतं. कल्चरवर थांबले असते तर दोन-तीन दिवसांनी रिकामा रिपोर्ट हाती आला असता. दुसरा फायदा असा की या पॅनेलमध्ये शिगा विष बनवणारा ई-कोलायही बघितला जातो. तो निघाला तर अँटिबायोटिक टाळावं लागतं, कारण त्यात मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका वाढू शकतो. रक्ताच्या जुलाबात हे लवकर कळणं मोलाचं आहे.

पण हेच पॅनेल प्रत्येक जुलाबाला लावणं मला अजिबात पटत नाही. कल्चर काही शेकड्यांत होतं, मोठ्या पॅनेलला हजारो रुपये लागतात, आणि साध्या जुलाबात दोन्हींच्या उत्तराने उपचार बदलत नाहीत: ओआरएसच. रक्त असेल, ताप मोठा असेल, माणूस वयस्कर, गरोदर, केमो किंवा स्टेरॉइडवर असेल, किंवा जुलाब आठवडा उलटून चालू राहिले, तर तपासणीचा विचार करावा. त्यातही एकच परवडत असेल आणि माणूस स्थिर असेल, अँटिबायोटिक सुरू झालं नसेल, लॅब जवळ असेल, तर मी आधी कल्चर करा म्हणेन. औषध आधीच पोटात गेलं असेल किंवा प्रकृती ढासळत असेल तर पीसीआर. आणि पीसीआरमध्ये साल्मोनेला, शिगेला किंवा कॉलरा निघाला तर त्याच नमुन्यातून कल्चर लावायला सांगायचं. अमेरिकेच्या संसर्गतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी दोन्ही पाठवलं ते योग्यच केलं; कमी पडलं ते नमुन्याचं जतन.

म्हणून पुढच्या वेळी नमुना कसा द्यायचा ते नीट समजून घ्या. शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी नमुना घ्या. रुग्ण गंभीर असेल तर मात्र नमुन्यासाठी औषध अडवू नये. डबी लॅबमधूनच आणा आणि आणतानाच विचारा, 'कॅरी-ब्लेअरची नळी आहे का?' संडासच्या भांड्यातून नमुना उचलू नका, त्यात फिनेल किंवा अ‍ॅसिड असतं आणि लघवीही मिसळते. कोरड्या स्वच्छ भांड्यात किंवा पसरलेल्या प्लास्टिकवर शौच करायला लावा. आव किंवा रक्त असलेला भाग निवडून घ्या, जंतू तिथेच जास्त असतात. डबीसोबतच्या चमच्याने अक्रोडाएवढा, पातळ असेल तर पाच मिली. कॅरी-ब्लेअरची नळी असेल तर तिच्यावरच्या रेषेपर्यंतच भरा. जास्त भरलं तर माध्यम पुरत नाही, आणि पॅनेलला त्यातलं फक्त ०.२ मिली लागतं. डबीवर नाव, तारीख आणि वेळ. उन्हाळ्यात बर्फाच्या पिशवीसोबत थर्मासमध्ये ठेवा, पण नमुना थेट बर्फाला टेकवू नका. मोटारसायकलच्या डिक्कीत किंवा एसटीच्या खिडकीजवळ ४३-४४ अंशांत दोन तास गेलेला नमुना कल्चरसाठी निरुपयोगी समजा. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून लिहून घ्या: जुलाब किती दिवस, रक्त आहे का, कोणतं अँटिबायोटिक कधीपासून, आणि तांदळाच्या धुवणासारखे जुलाब असतील तर कॉलऱ्यासाठी बघा.

पॅनेलसाठी आणखी एक प्रश्न विचाराच: मशीन इथे आहे की नमुना मुंबई-पुण्याला जाणार? तो बाहेर जाणार असेल तर तासाभराची चाचणी दोन दिवसांची होते आणि वेगासाठी मोजलेले पैसे फुकट जातात. अशा वेळी जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात वेळेवर पोचलेलं कल्चर जास्त उपयोगी पडू शकतं.

नणंदबाईंना सांगा, जंतू गेले का ते बघायला पीसीआर पुन्हा करू नका. बरं झाल्यावरही मेलेल्या जंतूंचा डीएनए काही आठवडे शौचात उतरू शकतो. पॉझिटिव्ह आली तर घाबरून पुन्हा औषध सुरू होईल आणि त्याने नुकसानच. जुलाब थांबले, ताप गेला, भूक लागली, ही पुरेशी खूण. अझिथ्रोमायसिनचा कोर्स डॉक्टरांनी सांगितला तेवढा पूर्ण करा. जुलाब थांबल्यापासून किमान ४८ तास सासूबाईंनी स्वयंपाकघरात जाऊ नये आणि नातवाला भरवू नये. शिगेला पसरायला १० ते १०० जंतूही पुरतात, म्हणून घरातल्या सगळ्यांनी संडासनंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवायचे. सासूबाई गावात आचारी किंवा अंगणवाडीत मदतनीस असत्या आणि पुन्हा तपासणी लागलीच असती, तर ती कल्चरने करायची, पीसीआरने नव्हे.

मधुमेहामुळे दोन गोष्टी. ओआरएसमध्ये साखर आहे म्हणून त्यांनी ते टाळू नये. एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं आणि ते मीठ आतड्यातून आत ओढायला लागतं. आणि त्या मेटफॉर्मिन घेत असतील तर जुलाब-उलट्यांच्या दिवसांत ती चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना विचारा. याशिवाय मूत्रपिंडावर लक्ष म्हणून, पुढचे आठ-दहा दिवस लघवी कमी होणं, चेहरा पांढुरका पडणं, पायांवर सूज यातलं काही दिसलं तर लगेच दाखवा. जुलाब थांबवणाऱ्या लोपरामाइडच्या गोळ्या आव-रक्तात घ्यायच्या नाहीत.

शेवटी त्या पंगतीचं. तिथे जेवलेल्या आणखी कोणाला जुलाब झाले असतील, तर आज प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन करून किंवा आशाताईंना सांगून कळवा. एकाच दिवशी अनेकांना लागण झाली की तो साथीचा विषय होतो, आणि तिथे कल्चरशिवाय चालत नाही. एकाच जंतूने सगळे आजारी पडले का आणि कोणतं औषध चालेल, हे उगवलेल्या जंतूवरूनच कळतं. अजून औषध सुरू न केलेल्या दोन-तीन रुग्णांचे नमुने कॅरी-ब्लेअरमध्ये घ्यायला सांगा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला टाकीच्या आणि लग्नघरच्या नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट (क्लोरीनची तपासणी) करायला लावा. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसलं पाहिजे. मठ्ठ्यातला आणि पाण्यातला बर्फ कुठून आणला होता, हेही लग्नघरी विचारून ठेवा. आरोग्य सेवक आले की ते विचारतील.